दोनशेने गुणलेला प्राध्यापक

सोयाबीनची पानं गळून शेंगा खुळखुळायला लागल्या, की जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या हसनाबाद महसूल मंडळात काही मोजक्या शेतांवर चार-पाच माणसं जमतात. कृषी सहायक, ग्रामसेवक किंवा तलाठी, विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि ज्याचं शेत निवडलं गेलं तो शेतकरी. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून पावलं मोजायला सुरुवात होते, इतकी लांबीला, इतकी रुंदीला. हे आकडे तिथे हजर असलेल्या कोणी ठरवलेले नसतात. गाव, गट नंबर आणि पावलांची संख्या हे सगळं चिठ्ठ्या टाकाव्यात तसं आधीच निघालेलं असतं. पावलं संपतील तिथे खुंटी ठोकायची आणि दोरीने चौकोन आखायचा. आतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. शेतकरी म्हणतो, अहो, पलीकडे पाणी साचून सगळं काळं पडलंय, तिकडचं घ्या. पण तिकडचं घेता येत नाही. याचं नाव पीक कापणी प्रयोग.

समजा चौकोन १० मीटर बाय ५ मीटरचा आहे, म्हणजे ५० चौरस मीटर. एका हेक्टरात १०,००० चौरस मीटर असतात. चौकोनातून आलेल्या वजनाला २०० ने गुणलं की हेक्टरी उत्पादन मिळालं. तराजूवर अर्धा किलो इकडे-तिकडे झाला, तर कागदावर हेक्टरी एक क्विंटलचा फरक पडतो. एका पिकासाठी मंडळात असे प्रयोग होतात साधारण दहा-बारा, आणि त्यांच्या सरासरीवरून मंडळातल्या प्रत्येक विमाधारक सोयाबीन उत्पादकाला भरपाई मिळायची की नाही, मिळाली तर किती, हे ठरतं. ज्यांच्या बांधावर कोणी फिरकलंही नाही, त्यांचंही.

ऐकायला हे जवळजवळ बेपर्वाईचं वाटतं. प्रत्यक्षात त्यामागे विसाव्या शतकातल्या अतिशय कडक डोक्याच्या एका मराठी प्राध्यापकाचा विचार आहे, आणि त्या विचारापर्यंत तो माणूस ज्या वाटेने पोचला ती वाट मला विम्याइतकीच नवलाची वाटते.

विनायक महादेव दांडेकर यांचा जन्म ६ जुलै १९२० रोजी साताऱ्यात झाला. नाव झालं ते अर्थशास्त्रज्ञ म्हणून, पण मूळ विद्या संख्याशास्त्राची. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत ते आले तेव्हा तिथे धनंजयराव गाडगीळांचं राज्य होतं. संस्था १९३० मध्ये सुरू झाली तेव्हापासून गाडगीळच तिचे संचालक होते, आणि त्यांचा दंडक असा की अर्थशास्त्र शिकायचं तर आधी गावात जाऊन मोजायचं. सिद्धांत नंतर. हिशेबात पक्का माणूस अशा ठिकाणी पडला आणि पुढची सगळी वर्षं मोजतच राहिला. १९६६ मध्ये गाडगीळांनंतर तेच संचालक झाले आणि १९८० पर्यंत त्या खुर्चीवर होते.

त्यांनी काय काय मोजलं? सुरुवात जन्मांपासून झाली. त्यांच्या पत्नी कुमुदिनी दांडेकर लोकसंख्याशास्त्रज्ञ होत्या आणि पुणे जिल्ह्यातल्या जन्ममृत्यूंची दोघांनी केलेली पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. दांडेकरांचा एक शोधनिबंध १९५५ मध्ये ‘सांख्य’ या नियतकालिकात आला. त्यातलं गणित अवघड आहे, कल्पना मात्र चटकन समजते. क्वचित घडणाऱ्या गोष्टी मोजायचं एक जुनं सूत्र आहे, प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचं. प्रशियाच्या घोडदळात दर वर्षी घोड्याच्या लाथेने किती सैनिक दगावतील, हे बोर्टकिएविच नावाच्या अभ्यासकाने १८९८ मध्ये त्याच सूत्राने दाखवून दिलं होतं. कोणता सैनिक दगावेल हे सूत्राला कळत नाही. एखाद्या वर्षी किती दगावण्याची शक्यता किती, ते मात्र सांगतं. हेच सूत्र बाळंतपणांना लावायला गेलं तर चुकतं, कारण एकदा दिवस गेले की पुढे काही काळ दुसऱ्यांदा दिवस जाणं शक्यच नसतं. लाथ मारल्यावर घोडा लगेच दुसरी मारू शकतो; इथे तसं नाही. दांडेकरांनी सूत्रात ही ‘बंद वेळ’ घातली. प्रजननाच्या अभ्यासात त्यांच्या नावाचं ते रूप आजही सापडतं.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण पुढचे दांडेकर इथेच दिसू लागतात. एकीचं सांगता येत नाही, शंभर जणींचं सांगता येतं. संख्याशास्त्र शिकलेल्या कोणालाही हे माहीत असतं, पण बहुतेक जण ते परीक्षेपुरतं मानतात. दांडेकरांनी ते आयुष्यभर मानलं, आणि जिथे मानणं गैरसोयीचं होतं तिथेही सोडलं नाही.

दुसरी मोजणी जेवणाची. राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी १९५०-५१ मध्ये झाली. तिच्यात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेबरोबर गोखले संस्थाही होती, आणि पुण्याच्या बाजूने भरलेल्या त्या तक्त्यांवरचा अहवाल दांडेकरांनीच लिहिला. घरात किती ज्वारी आली, किती तेल, किती गूळ, किती रुपये गेले. पुढची वीस वर्षं देशभर असे तक्ते साठत गेले. मग दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी त्या ढिगाला एक प्रश्न विचारला. ओडिशातून पुण्यात आलेले रथ तोवर पुरते पुणेकर झाले होते. प्रश्न असा: माणशी रोज २,२५० उष्मांक पोटात जातात, अशा घरांचा महिन्याचा खर्च किती असतो?

यातली चलाखी नीट बघायला हवी. आदर्श आहार किती रुपयांत बसतो, असा हिशेब त्यांनी केला नाही. तसा केला असता तर स्वस्तात स्वस्त धान्य आणि डाळ जोडून कागदावर काहीही सिद्ध करता आलं असतं. लोक खरोखर जे खातात, सणाचा गूळ आणि चहाची साखर धरून, त्या सवयींसकट २,२५० चा आकडा कुठल्या खर्चाला गाठला जातो हे त्यांनी तक्त्यात शोधलं. १९६०-६१ च्या भावाने उत्तर आलं खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. त्या रेषेखाली खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं होती. ‘भारतातील दारिद्र्य’ हा त्यांचा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. गरिबी हटवायच्या घोषणेवर देशाची निवडणूक व्हायची होती, आणि गरिबी नेमकी किती हे दोन प्राध्यापकांनी आधीच मांडून ठेवलं होतं. उपायही सुचवला होता: काम मागेल त्याला सार्वजनिक कामावर घ्या. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला आणि ज्येष्ठ नेते वि. स. पागे यांच्या आग्रहातून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली. मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीने खडी फोडून ते दिवस काढले.

इथे कथेत दुसरा सातारकर येतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध, तालुका खटाव. तेही संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला जवळपास वीस वर्षं काढून आलेले. त्यांनी दांडेकरांच्या रेषेवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं, माणसाची गरज काही दगडावर कोरलेली नसते. धडधाकट माणूसही एके दिवशी जास्त खातो, दुसऱ्या दिवशी कमी, आणि शरीर त्याशी जुळवून घेतं. २,२५० ही सरासरी गरज असेल, तर तिच्या खालचा प्रत्येक जण उपाशी कसा म्हणता? वाद १९८१ मध्येही धगधगत होता. दांडेकरांची रेषा होती गटाच्या सरासरीची, सुखात्मे बोलत होते एकेका देहाबद्दल. मला विचाराल तर देहाबद्दल सुखात्म्यांचं निरीक्षण चोख होतं, पण त्यावरून गरिबीचा आकडा खाली आणणं धोक्याचं होतं. कमी खाऊन जगणाऱ्याला ‘जुळवून घेतलंय’ म्हणणं सरकारला फार सोयीचं जातं.

पण सुखात्म्यांचा खरा ठसा आपल्या त्या सोयाबीनच्या शेतात आहे. इंग्रजी अमदानीत पीक किती आलं हे अधिकारी नजरेने ठरवत, सोळा आण्यांपैकी इतके आणे. बिहारमध्ये हबक नावाच्या अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात यदृच्छेने जागा निवडून भात कापून बघितला. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालात अशा पाहण्यांचा मोठा पसारा उभा केला. महालनोबिस लहान लहान तुकडे कापायचे. कमी खर्चात जास्त जागा होतात. सुखात्मे तेव्हा कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की तुकडा लहान घेतला की पीक खऱ्यापेक्षा जास्त भरतं. का? कारण कापणाऱ्याचा हात. दोरीवर अर्धं आत, अर्धं बाहेर असलेलं झाड तो बहुधा आत ओढतो. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनाला चार मीटर कड असते, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे चार मीटर मोह. दहा बाय पाचच्या चौकोनाला ५० चौरस मीटरमागे कड फक्त ३० मीटर. मोह सुमारे पावणेसात पटींनी कमी. दांडग्या चौकोनाचं एवढंच रहस्य आहे. माणसाच्या स्वभावातली खोट ओळखून आकार मोठा केलेला आहे.

आता तिसरी मोजणी, पिकाची. पीकविमा काढावा हे म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच मांडलं होतं. स्वातंत्र्यानंतर प्रश्न पुन्हा पुन्हा वर आला, आणि १९७० मध्ये धर्म नारायण यांच्या समितीने हे जमण्यासारखं नाही असं सांगून टाकलं. तरी १९७२-७३ पासून गुजरातेत एच-४ कापसावर प्रयोग झाला. पद्धत सरळ: ज्याचं नुकसान झालं त्याच्या शेतात जा, मोजा, भरून द्या. १९७८-७९ पर्यंत पुढे इतर काही राज्यांतही चाललेल्या या योजनेत ३,११० शेतकरी आले. हप्ते जमले ४ लाख ५४ हजारांचे, भरपाई गेली ३७ लाख ८८ हजार. आठपट. हा तोटा शेतकऱ्यांनी फसवल्यामुळेच झाला असं कोणी म्हणू नये. योजनेची रचनाच तशी होती. ज्याचं रान पाणथळ, त्याला विम्याची ओढ जास्त. विमा काढल्यावर शेवटची फवारणी टाळायला हरकत नाही. आणि एकेका शेताचं ‘नेहमीचं’ उत्पादन किती, याची नोंदच कुठे नाही.

दांडेकरांनी १९७६ मध्ये एक लेख लिहिला आणि प्रश्नच फिरवला. एकेकाचं नुकसान मोजूच नका. सारखी जमीन, सारखा पाऊस असलेला टापू घ्या. त्या टापूचं उत्पादन नेहमीपेक्षा खाली गेलं, तर त्यातल्या सर्वांना सारख्या प्रमाणात द्या. कल्पना जगात अगदी कोरी नव्हती. हॅरल्ड हॅलक्रो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने ती १९४९ मध्ये मांडली होती. पण अमेरिकेने तशी योजना आणली १९९३ मध्ये. भारतात १९७९ मध्येच दांडेकरांच्या आराखड्यावर प्रायोगिक योजना सुरू झाली. १९८४ पर्यंत ६ लाख २७ हजार शेतकरी, हप्ते सुमारे १ कोटी ९७ लाख, भरपाई १ कोटी ५७ लाख. पहिल्यांदाच हिशेब जमला. १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना, २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजना, सगळ्यांच्या पोटात हाच टापू आहे. महाराष्ट्रात त्या टापूचं आजचं नाव महसूल मंडळ.

गणित करून बघू, आकडे समजुतीसाठी धरलेले. मंडळाच्या मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची. त्यांची सरासरी आली हेक्टरी १५ क्विंटल. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणून उंबरठा उत्पादन साडेदहा. यंदा कापणी प्रयोगांची सरासरी आली ८.४. उंबरठ्यापेक्षा २.१ कमी, म्हणजे २० टक्के. तर प्रत्येकाला विमा संरक्षित रकमेच्या २० टक्के. गिरजा नदीच्या काठी ज्याचं सगळं वाहून गेलं त्यालाही वीस. माळावर ज्याला १४ क्विंटल झाले त्यालाही वीस.

यातलं सौंदर्य दुसऱ्या वाक्यात आहे. माळावरच्या शेतकऱ्याने वेळेवर फवारणी केली, चर काढले, म्हणून त्याचे पैसे कापले जात नाहीत. मेहनत केली तर ती सगळी त्याची. आळस केला तर मंडळाची सरासरी त्याच्यासाठी खाली येत नाही. लबाडीला फारशी जागा उरत नाही, आणि कोणावर पाळतही ठेवावी लागत नाही. आणि यातला अन्याय पहिल्या वाक्यात आहे. मराठवाड्यातला पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाही. मंडळाच्या पर्जन्यमापकात दिवसाला ६५ मिलिमीटर भरले की सरकारी कागदावर अतिवृष्टी. मापक ज्या गावात आहे तिथे ४० आणि चार कोसांवर १२० असं होऊ शकतं. दांडेकरांनी टापू ‘सारखा’ असावा अशी अट घातली होती. महसूल मंडळ बनलं आहे सारावसुलीच्या सोयीने, मातीचा पोत बघून नाही. ही चूक प्राध्यापकाच्या खात्यावर टाकता येत नाही, पण एकट्या पडलेल्या शेतकऱ्याला कोणाच्या खात्यावर टाकायची हे कळून उपयोगही नाही.

चौथी मोजणी जिल्ह्यांची, आणि ती थेट जालन्यापर्यंत येते. मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्यातून फुटून जालना १ मे १९८१ रोजी वेगळा जिल्हा झाला. प्रादेशिक असमतोलावरून विधिमंडळ तापलं होतं, आणि १९८३ मध्ये सरकारने दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शाळा, तंत्रशिक्षण, दवाखाने, पाणी अशी एकेक बाब घेतली, राज्याची सरासरी काढली, आणि सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जिल्हा तिथवर आणायला किती खर्च येईल ते मांडलं. १९८४ च्या अहवालात अनुशेष आला सुमारे ३,१८७ कोटी रुपये. विदर्भ १,२४७ कोटी, मराठवाडा ७५१ कोटी, उर्वरित महाराष्ट्र १,१८९ कोटी. हा शेवटचा आकडा पाहून विदर्भ-मराठवाड्यात अनेकांच्या भुवया वर गेल्या. पण दांडेकरांनी विभाग मोजलेच नव्हते, जिल्हे मोजले होते. पश्चिमेकडचेही मागास जिल्हे त्यात आपोआप आले. त्यांच्या पद्धतीत विभागाची तक्रार विचारात घेण्याची सोयच नव्हती. गंमत अशी, की विम्यात ज्यांनी एकेकाला मोजायला नकार दिला, त्यांनीच इथे विभागाच्या सरासरीत लपलेला एकेक जिल्हा बाहेर काढला. मोजायचं एकक कोणतं, हे ते दर वेळी नव्याने ठरवत. माझ्या मते त्यांची खरी विद्वत्ता इथे होती.

दांडेकर ३० जुलै १९९५ रोजी गेले. त्यांचा टापू मात्र आक्रसत राहिला. आधी तालुका होता, मग मंडळ आलं. आता मागणी गावाची आहे, आणि ती रास्त आहे. अडचण संख्याशास्त्राची आहे, आणि ती पहिल्यांदा ऐकली की पटत नाही. सरासरी किती विश्वासार्ह, हे प्रयोग किती केले यावर ठरतं. टापू केवढा आहे यावर जवळजवळ नाही. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं लहान आहे की लग्नघरचं, याने फरक पडत नाही. भात सगळीकडे सारखा शिजलाय का, याने पडतो. मंडळाला दहा प्रयोग पुरत असतील, तर त्यातल्या एका गावालाही तेवढ्याच भरवशासाठी जवळपास तेवढेच लागतील. गावात पीक थोडं अधिक सारखं असतं, म्हणून काही कमी. म्हणजे मंडळात वीस-पंचवीस गावं असतील तर काम दहा-वीस पटींनी वाढतं, आणि सोयाबीन कापणीला दिवस मिळतात मोजके. म्हणून मोबाइल अॅपवर फोटो आणि अक्षांश-रेखांश आले, काही पिकांना उपग्रहाच्या अंदाजाचं वजन देणं सुरू झालं.

मधल्या काळात योजनेत एकट्या शेतकऱ्यासाठी खिडक्या ठेवल्या होत्या. गारपीट झाली, ओढा फुटला, कापून ठेवलेली सुडी भिजली, तर ७२ तासांत कळवा, तुमच्याच शेताची पाहणी होईल. २०२३ मध्ये महाराष्ट्राने एक रुपयात विमा दिला आणि या खिडक्यांपुढे गर्दी उसळली. खरीप २०२५ पासून एक रुपयाची योजना बंद झाली, खिडक्याही बंद झाल्या. त्या हंगामात भरपाई उरली फक्त मंडळाच्या उत्पादनावर, म्हणजे १९७६ च्या लेखातल्या निखळ रूपात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात नद्यांना पूर आले आणि सरकारी मदतीसाठी पंचनामे सुरू झाले. पंचनामा होतो एका गट नंबरचा, एका नावाचा. विम्याचा आकडा येतो मंडळाचा, आणि तो पिकं निघाल्यावर, बऱ्याच उशिरा. हसनाबादच्या एकाच शेतकऱ्याच्या हातात त्या हंगामात दोन कागद येऊ शकतात, एकावर नुकसान शंभर टक्के आणि दुसऱ्यावर शून्य, आणि दोन्ही मोजण्या आपापल्या नियमाने बिनचूक.